मिरचीची सवय, शेवंतीचं वावडं

पुण्यात मार्केट यार्डाच्या भुसार बाजारात मिरचीचे गाळे कुठे आहेत हे कुणाला विचारावं लागत नाही. दोन गाळे अलीकडेच नाक सांगतं. मार्चमधली सकाळ होती. वर्षाचं तिखट करायचं म्हणून मी चिठ्ठी घेऊन निघाले होते: ब्याडगी रंगासाठी, संकेश्वरी चवीसाठी, आणि घरात एकाला झोंबल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही म्हणून पावशेर लवंगी. गाळ्याच्या तोंडाशी पोचेपर्यंत चार शिंका झाल्या, डोळ्यांना धार लागली. ओढणी नाकावर घट्ट धरून उभी राहिले, तर शेजारून एक हमालदादा पाठीवर मिरचीचा डाग घेऊन आत गेले. तोंडाला काही बांधलेलं नाही. डाग थप्पीवर टाकला तशी पोत्याच्या विणीतून लाल धूळ उडाली, उन्हाच्या तिरिपीत जराशी तरंगली आणि त्यांच्याच चेहऱ्यावर बसली. मानेवरच्या फडक्याने त्यांनी तोंड पुसलं, बस्स.

‘‘तुम्हाला काहीच होत नाही का हो, दादा?’’

‘‘पहिल्यांदा आलो तवा आठवडाभर रडत हुतो, ताई. मग झाली सवय. पण दोन म्हैने गावाकडं राहून आलो, की परत पहिल्यापासनं.’’

त्यांचं हे दुसरं वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. ते किती मोलाचं होतं हे कळायला त्याच यार्डात आणखी बऱ्याच चकरा माराव्या लागल्या.

आधी मिरचीचं पाहू. तिखट ही चव नाहीच. गोड, आंबट, खारट, कडू यांचे निरोप जिभेवरच्या रुचिकलिका पोचवतात. तिखटाचा निरोप मात्र वेदनेच्या मज्जातंतूंवरून जातो. या तंतूंच्या टोकांवर प्रथिनांची इवली दारं असतात. त्यांतलं एक दार साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वरच्या उष्णतेला उघडतं. चहाचा पहिला घोट पोळतो तेव्हा उघडतं ते हेच. १९९७ साली कॅलिफोर्नियात डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दार शोधून काढलं, आणि शोधलं कशाने, तर मिरचीतल्या कॅप्सेसिनने. कॅप्सेसिन ही त्या दाराची बनावट किल्ली आहे. ती लागली की दार थंड तोंडातही उघडतं आणि मेंदूला बातमी जाते: भाजलं! मग मेंदू भाजल्यावर जे करायचं ते सगळं करतो. घाम सोडतो, नाक वाहवतो, डोळे धुतो. ‘तोंडाची आग झाली’ असं आपण म्हणतो ते मज्जातंतूंच्या हिशेबाने शब्दशः खरं असतं. २०२१चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ज्युलियस यांना या शोधासाठी मिळालं; सोबत स्पर्शाची आणि दाबाची दारं शोधणारे आर्डेम पटापुटियन होते. गंमत म्हणजे पक्ष्यांकडेही हे दार आहे, ते उष्णतेला उघडतंही, पण त्याला ही किल्ली बसत नाही. पोपट लवंगी मिरची पेरूच्या फोडीसारखी खातो तो शूर आहे म्हणून नाही. त्याला त्यात काही लागतच नाही.

मग हमालदादांचं काय? त्यांच्याकडे दारही आहे आणि किल्लीही बसते. याचं उत्तर ज्युलियस यांच्याही आधी, १९४०च्या दशकात, हंगेरीच्या मिक्लोश यांचो या औषधशास्त्रज्ञाला सापडलं होतं. पाप्रिका मिरचीच्या देशातलाच माणूस. प्राण्यांना कॅप्सेसिन पुन्हा पुन्हा दिलं की आधी तडफड होते, मग कमी होते, मग होतच नाही, हे त्याने पाहिलं. त्यातही नवल असं, की अशा प्राण्याला मग मोहरीच्या तेलासारखं दुसरं काही झोंबणारं लावलं तरी फरक पडत नाही. साधा स्पर्श मात्र त्याला व्यवस्थित कळतो. म्हणजे मज्जातंतू बधिर झालेला नसतो. त्याने एकाच प्रकारच्या ओरडण्याकडे कान बंद केलेले असतात. दार वारंवार उघडलं की आत कॅल्शियम भरभरून शिरतं, आणि ते कॅल्शियमच दाराला खीळ घालतं. मात्रा फार मोठी असेल तर तंतूचं टोक त्वचेतून चक्क मागे सरतं आणि पुन्हा वाढून यायला काही महिने घेतं. नागीण बरी झाल्यावरही जी आग मागे राहते, तिच्यावर आठ टक्के कॅप्सेसिनची पट्टी लावतात ती याच भरवशावर.

आयुर्वेदात यासाठी एक नेटका शब्द आहे: ओकसात्म्य. मुळात न मानवणारी गोष्टही सरावाने अंगवळणी पडते आणि मग मानवते, असा त्याचा साधारण अर्थ. भुसार बाजारातला हमाल हा ओकसात्म्याचा चालताबोलता दाखला म्हणावा लागेल. पण फार हुरळून जायचं कारण नाही. मिरचीच्या कारखान्यांतल्या कामगारांची तपासणी झाली तेव्हा खोकल्याच्या तक्रारी त्यांच्यात इतरांपेक्षा जास्तच आढळल्या. जिभेला आणि नाकाला सवय झाली म्हणून छातीलाही झाली असं नसतं. दादांना मी ओढणीकडे बोट दाखवून ‘बांधत जा काहीतरी’ म्हटलं, तर ते हसले. गुदमरतं म्हणे.

कांदा-बटाटा विभागात मला कायम एका शब्दाची मौज वाटते. आपण हळवा म्हणतो तो चटकन डोळ्यांत पाणी येणारा माणूस. इथे ‘हळवा’ हा कांदा असतो. हळवा म्हणजे लवकर तयार होणारा पण न टिकणारा, आणि गरवा म्हणजे उशिरा येणारा, चाळीत महिनोन्‌महिने राहणारा. कोकणात भातालाही हेच शब्द लावतात. व्यापाऱ्याच्या तोंडी त्यात निंदा नसते, कौतुकही नसते. हळवा आधी विकायचा, गरवा मागे ठेवायचा, एवढंच. माणसांच्या बाबतीत आपण इतके समंजस असतो तर किती बरं झालं असतं. बाकी डोळ्यांत पाणी आणायच्या कामी हळवा आणि गरवा दोघेही तयार असतात. कांद्याच्या अखंड पेशीत झोंबणारं असं काही नसतंच. सुरी फिरली की वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेले पदार्थ एकमेकांत मिसळतात, आणि डोळ्यांना रडवणारा वायू त्या क्षणी तयार होतो. त्यासाठी कांद्याकडे एक खास विकर आहे हे जपानी संशोधकांनी २००२ साली दाखवलं. पुढे २०१३ मध्ये त्यांना याच कामासाठी इग नोबेल, म्हणजे आधी हसू आणणारं आणि मग विचारात पाडणारं ते पारितोषिक, मिळालं.

पालेभाजीच्या बाजूला तर एक वेगळाच फरक जुड्या बांधून ठेवलेला असतो. जगात काही माणसांना कोथिंबीर साबणासारखी लागते. ती नखरे करत नसतात. कोथिंबिरीच्या वासात असलेली काही अल्डिहाइडं साबणातही असतात, आणि त्यांचा वास पकडणाऱ्या एका जनुकातल्या बारीकशा फरकाशी ही नावड जोडलेली आहे. कॅनडात झालेल्या एका पाहणीत पूर्व आशियाई वंशाच्या तरुणांपैकी २१ टक्क्यांना कोथिंबीर आवडत नव्हती. आपल्या, म्हणजे दक्षिण आशियाई, मंडळींत हे प्रमाण ७ टक्के होतं. आपल्या घरांत पोह्यांवरची कोथिंबीर बाजूला सारणाऱ्या मुलाला जी बोलणी बसतात, ती त्या ७ टक्क्यांतल्या कुणाला तरी नक्कीच बसत असणार.

इथवर ठीक आहे. कुणाचं दार हलकं, कुणाचं जड; आणि सरावाने जडावतंही. मला वाटे, अंगाचा हळवेपणा म्हणजे एवढंच. माझा हा समज मोडला तो लसणाने.

लसूण सोलून हॉटेलांना पुरवणाऱ्या एक मावशी यार्डाबाहेर बसतात. त्यांचा डावा हात मी जवळून पाहिला आहे. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, या तिघांच्याच टोकांची कातडी जाड, कोरडी आणि उभी भेगाळलेली, जशी उन्हाळ्यात तळ्याची माती. करंगळी धड. अनामिका धड. उजवा हात जवळजवळ स्वच्छ. कारण उजव्या हातात सुरी असते, आणि पाकळी असते ती डाव्या हाताच्या तीन बोटांत. त्वचेचे डॉक्टर अशी बोटं पाहून काही न विचारता ‘लसूण’ म्हणतात. हात पालटलेला दिसला तर बाई डावखुरी आहे हेही सांगतात.

मी मावशींना विचारलं, कधीपासून? त्यांचं उत्तर हमालदादांच्या अगदी उलटं होतं. ‘‘पहिली दोन-तीन वर्षं काय बी नव्हतं बघा. मग एकदम सुरू झालं. आता चार कांड्या सोलल्या तरी आग व्हतीय.’’

तिथे मी अडखळले. दोघंही रोज आपापल्या एकाच वस्तूच्या संगतीत. एकाला पहिल्या आठवड्यात त्रास आणि मग सवय. दुसरीला आधी वर्षानुवर्षं काहीच नाही आणि मग कायमचा त्रास. एकाचं शरीर सरावाने विसरायला शिकलं, दुसरीचं सरावानेच लक्षात ठेवायला शिकलं.

मराठीत या दुसऱ्या गोष्टीसाठी चोख शब्द आहे: वावडं. ‘मला वांग्याचं वावडं आहे.’ इंग्रजीत त्यासाठी रूढ झालेला ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने घडवला. मुलांना घोड्याच्या रक्तजलाचं इंजेक्शन दुसऱ्यांदा दिलं की पहिल्यापेक्षा फार लवकर त्रास होतो, हे त्याच्या लक्षात आलं होतं. ग्रीक मुळांवरून शब्दाचा अर्थ निघतो ‘निराळं वागणं’. पिर्केने त्या एका शब्दात दोन्ही गोष्टी बसवल्या होत्या: पहिल्या भेटीमुळे शरीर जास्त चिडखोर झालं तेही, आणि पहिल्या भेटीमुळे रोगाला दाद देईनासं झालं तेही. त्याच्या दृष्टीने वावडं आणि प्रतिकारशक्ती ही एकाच शिकण्याची दोन रूपं होती. पुढे लोकांनी शब्दाचा अर्धा अर्थ ठेवला आणि अर्धा सोडून दिला. माझ्या मते नुकसान झालं.

वावड्याची पुण्याला जी मोठी शिकवणी मिळाली ती एका तणाने दिली. ते तण यार्डाच्या कुंपणालगत, कालव्याच्या कडेला, रेल्वेच्या रुळांशेजारी आजही पावसाळ्यात कंबरभर वाढतं. पानं गाजरासारखी म्हणून गाजर गवत. पांढऱ्या टोप्या घातल्यासारखी फुलं म्हणून काँग्रेस गवत. गवताशी त्याचं काही नातं नाही हे सोडा. ते सूर्यफुलाच्या कुळातलं आहे. मूळ मुलूख मेक्सिको आणि आसपासचा. प्रा. परांजपे यांना ते १९५१ साली पुण्यात उकिरड्यांवर उगवलेलं दिसलं आणि १९५६ मध्ये आर. एस. राव यांनी त्याची रीतसर नोंद प्रसिद्ध केली. अमेरिकेतून पीएल-४८० योजनेच्या गव्हाबरोबर ते आलं असं आपण सगळेच ऐकत आलो. तारखा मात्र थोड्या आडव्या येतात. तो कायदा झाला १९५४ मध्ये आणि भारताशी करार १९५६ मध्ये. त्याआधीच रोप पुण्याच्या उकिरड्यावर हजर होतं. १९५१ मध्येही अमेरिकेने भारताला गव्हासाठी कर्ज दिलं होतं, तेव्हा धान्यातून आलं हा संशय पुरता जात नाही. फक्त पोत्यावरचा शिक्का वेगळा असू शकतो. एका रोपाला १५,०००हून जास्त बिया धरू शकतात आणि उगवल्यापासून महिन्याभरात ते फुलावर येतं. बाकी काही सांगायला नको.

साठच्या दशकात पुण्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे एक चमत्कारिक इसब घेऊन माणसं येऊ लागली. बहुतेक पुरुष, मध्यम वयाचे आणि त्यापुढचे, उघड्यावर काम करणारे. पापण्या सुजलेल्या, मानेच्या कडा, कोपराच्या लवणी, गुडघ्यामागचे खळगे लाल आणि खवखवणारे. पुढे पुढे चेहऱ्याची कातडी जाड होऊन सुरकुत्यांच्या घड्या पडलेल्या. पावसाळ्यात कहर, एरवी थोडा उतार. अनेकांनी त्या तणाला हातही लावलेला नव्हता. लावायची गरजच नव्हती. त्याच्या पानांवर-देठांवर सूक्ष्म केस असतात, त्यांत पार्थेनिन नावाचं रसायन असतं. झाड वाळलं की त्याचा भुगा वाऱ्यावर येतो आणि जिथे घाम साचतो तिथे जाऊन बसतो. डॉ. लोणकर यांनी व्हँकूवरचे मिचेल आणि लंडनचे काल्नन यांच्यासोबत १९७४ मध्ये यावर लिहिलेला लेख जगभरच्या त्वचारोगाच्या वाङ्मयात आजही दाखल्याला घेतला जातो.

आता यातली करामत पाहा. पार्थेनिनचा रेणू इतका लहान असतो की आपल्या प्रतिकारयंत्रणेला तो एकटा दिसतच नाही. पण त्याच्या अंगाला एक आकडा आहे. त्या आकड्याने तो त्वचेतल्या प्रथिनांच्या गंधकाला जाऊन अडकतो, आणि आपलंच प्रथिन परकं दिसू लागतं. घरच्या माणसाने अनोळखी टोपी घालून दारात यावं आणि कुत्र्याने भुंकावं, तसं. कार्ल लँडस्टायनरने, ज्याने रक्तगट शोधले त्यानेच, अशा अर्धवट पदार्थांना ‘हॅप्टेन’ हे नाव दिलं. त्वचेतल्या पहारेकरी पेशी ते टोपीवालं प्रथिन उचलून जवळच्या लसीका ग्रंथीत नेतात आणि तिथल्या टी पेशींना दाखवतात. लाखोंतल्या एखादीला ते ओळखीचं वाटतं. ती वाढते, तिच्या पिल्लावळीतल्या काही पेशी आठवण बाळगून शरीरभर गस्त घालू लागतात. यात आठवडेही जातात, वर्षंही जातात, आणि तोवर बाहेर काहीही दिसत नाही. मावशींची ती ‘दोन-तीन वर्षं काय बी नव्हतं’ ती हीच. त्यानंतर मात्र टोपी दिसायचा अवकाश, दोनेक दिवसांत कातडी पेटते.

हे दोन दिवस तुमच्या ओळखीचे आहेत. क्षयाची शंका आली की हातावर मांटूची सुई टोचतात आणि दोन-तीन दिवसांनी ‘उठलंय का’ ते पाहायला बोलावतात ना? तीच ही मंदगतीची प्रतिक्रिया. अंगाला ते जंतू भेटलेले असतील तर टी पेशी आठवण ठेवून असतात, आणि जमून गाठ उठवायला त्यांना तेवढा वेळ लागतो. त्या चाचणीचा मूळ अवतार १९०७ साली पिर्केनेच आणला होता. मावशींची भेगाळलेली बोटं आणि घरातल्या कुणाच्या तरी हातावरची पेनाने गोल केलेली ती लाल गाठ ही सख्खी भावंडं आहेत.

आमच्या घरात गाजर गवताचं हे वावडं मामांना आहे. पाटबंधारे खात्यात असताना तीस वर्षं कालव्यांच्या कडेने चालले, काही झालं नाही. पन्नाशीनंतर एका पावसाळ्यात पापण्या सुजल्या. डोळ्यांचे थेंब झाले, चष्मा बदलून झाला, साबण बदलून झाला, मामींच्या फोडणीवर संशय घेऊन झाला. शेवटी पाठीवर छोट्या छोट्या पट्ट्या चिकटवून एका डॉक्टरांनी तपासलं. दोन दिवसांनी पट्ट्या काढल्या. बाकी बहुतेक जागा कोऱ्या, आणि गाजर गवताच्या पट्टीखाली रुपयाएवढा लाल, फोड आलेला डाग. मामा त्या डागाचा फोटो अजून दाखवतात. मला वाटतं, ‘उगाच नाटकं करतो’ असं ऐकून घेतलेल्या माणसाला असा पुरावा मिळण्यात एक समाधान असतं.

त्याच पट्ट्यांमधून दुसरीही एक गोष्ट निघाली. शेवंतीच्या पट्टीखालीही लाली होती. शेवंतीही सूर्यफुलाच्या कुळातली. तिच्या अंगातही पार्थेनिनच्या जातकुळीची, तसाच आकडा असलेली रसायनं असतात. गाजर गवताने शिकवलेल्या पेशींना शेवंतीची टोपीही तीच वाटते. मामांनी शेवंतीशी कधी भांडण केलं नव्हतं. शेजाऱ्याच्या भांडणात ती सापडली.

मनाच्या हळवेपणालाही हे दोन्ही रस्ते लागू पडतात का? मेंदूशास्त्रज्ञ एरिक कँडेल यांनी याचा शोध घेण्यासाठी माणूस निवडला नाही. अ‍ॅप्लिसिया नावाची समुद्री गोगलगाय निवडली. तिला मज्जापेशीच जेमतेम वीस हजार, आणि त्यांतल्या काही नुसत्या डोळ्यांनीही दिसतील इतक्या मोठ्या. तिच्या नळीला हलकेच स्पर्श केला की ती कल्ले आत ओढते. तोच स्पर्श पुन्हा पुन्हा केला की ओढणं कमी होत जातं, सवय होते. पण शेपटीला एकदा विजेचा झटका दिला की मग त्याच हलक्या स्पर्शाला ती पूर्वीपेक्षा कितीतरी जोरात दचकते, आणि झटके वारंवार दिले तर दिवसेंदिवस दचकत राहते. तेच कल्ले, तोच स्पर्श, आणि पेशींच्या सांध्यांवर दोन उलटे बदल. २०००चं नोबेल त्यांना मिळालं. आपल्याकडे गोगलगाईवाचूनही हे माहीत होतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

जन्मतःच कमीअधिक दचकणारी माणसंही असतात, हा भाग वेगळा. इलेन एरन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९६ मध्ये अशा अतिसंवेदनशील माणसांवर पुस्तक लिहिलं आणि प्रमाण सांगितलं पंधरा-वीस टक्के. पुढच्या संशोधकांनी फुलांची नावं देऊन माणसांचे तीन गट पाडले: कुठेही रुजणारी, मधली, आणि ऑर्किडसारखी नाजूक. या वर्गवारीवर माझा फारसा जीव नाही. प्रश्नावली भरून घेऊन आखलेली रेघ कुठेही सरकवता येते. पण त्यातलं एक निरीक्षण मात्र मनाला पटतं: ज्या मुलांना वाईट परिस्थिती जास्त बाधते, त्यांनाच चांगली परिस्थितीही जास्त लाभते. दार हलकं असलं की वारंही आत येतं आणि उजेडही.

आणि हमालदादांचं ते दुसरं वाक्य. दोन महिने गावी राहून आलं की पुन्हा पहिल्यापासून. सवय ही अशी कच्ची असते, रोज कमवावी लागते. मज्जातंतूचं टोक मिरचीशिवाय काही आठवडे राहिलं की पुन्हा कोवळं होतं. मावशी मात्र वर्षभर लसूण सोडून बसल्या तरी बोटं बरी होतील, वावडं जाणार नाही. टी पेशींची आठवण दशकानुदशकं टिकते. विसरणं हे अंगाला सारखं करत राहावं लागणारं काम आहे, आणि लक्षात ठेवणं फुकट चालू राहतं, हे मला तरी उफराटं वाटलं होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहाटे मामांना घेऊन यार्डात गेले. त्यांना यायचंच असतं. चाळीस वर्षांचा शिरस्ता आहे. पण ते फूलबाजारात शिरत नाहीत. बाहेर चहाच्या गाडीपाशी, वाऱ्याच्या उलट्या अंगाला, फुल बाह्यांचा शर्ट आणि मफलर अशा थाटात उभे राहतात. आत झेंडूचे ढीग माणसाच्या छातीपर्यंत आलेले, टेम्पोतून क्रेट उतरतायत, कुणी पायाखालच्या पाकळ्या तुडवत ‘चला, चला, बाजूला’ ओरडतोय. झेंडू मामांना फारसा छळत नाही. कुळ एक असलं तरी रसायनं ज्याची त्याची. शेवंतीपाशी मी थांबले. पांढरी, पिवळी, आणि ती यवतकडची लहान, घट्ट, भल्या पहाटे तोडलेली. ओंजळ भरून घेतली तर थंड लागते. कडवट, ओल्या पाल्यासारखा वास. एक फूल उलटं करून पाहिलं. आपण फूल म्हणतो तो शेकडो बारीक फुलांचा गुच्छ असतो, आणि गाजर गवताचा तो पांढरा ठिपकाही तसाच, फक्त पाच टोकांचा. इतकं बारीक साम्य माझ्या डोळ्यांना शोधावं लागलं. मामांच्या कातडीला ते दोन दिवसांत कळतं.

झेंडू दोन किलो घेतला, आपट्याची पानं घेतली. शेवंती पाव किलो, देवीसाठी, वेगळ्या पिशवीत, तोंड गाठ मारून बंद. बाहेर आले तर मामांनी माझ्यासाठी चहा सांगून ठेवला होता. दुसऱ्या पिशवीकडे त्यांनी पाहिलं, दोन पावलं मागे सरकले आणि मानेनेच खुणावलं, गाडीच्या डिकीत. मी ठेवून आले, बाटलीच्या पाण्याने हात धुतले. ग्लास माझ्याकडे सरकवत ते म्हणाले, ‘‘पांढरी काय भाव दिली?’’